छप्पर कुणाचे, खर्च कुणाचा?



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील कफर्णहूमचा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. पक्षघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चौघे जण प्रभू येशूकडे घेऊन येतात. दारात इतकी गर्दी असते की आत जायला वाटच मिळत नाही. मग ते छप्पर उघडून त्याला खाटेसकट खाली सोडतात. त्या चौघांच्या श्रद्धेवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. पण त्या छपराची दुरुस्ती नंतर कुणी केली, त्याचा खर्च कुणी सोसला, हे आपण सहसा विचारत नाही. दारातली माणसे काही वाईट नव्हती. प्रभूचा शब्द ऐकायलाच ती आली होती. तरीही त्यांच्यामुळेच एका आजाऱ्याची वाट अडली होती.

कुणाच्याही मनात वाईट हेतू नसताना वाट कशी अडते, हे टेलिफोनच्या इतिहासात स्पष्ट दिसते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला नीट ऐकू येत नसे. त्यांची पत्नी मेबल हिची श्रवणशक्ती तर बालपणीच्या आजारात गेली होती. अशा माणसाला १८७६ साली टेलिफोनचे पेटंट मिळाले. हे यंत्र जगभर पसरले आणि दुकान, दवाखाना, कचेरी सारे व्यवहार फोनवर होऊ लागले. परंतु ज्यांना ऐकू येत नव्हते ते मात्र दाराबाहेरच राहिले.

पहिले छप्पर उघडले ते त्यांच्यातल्याच एकाने. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे अमेरिकेतील कर्णबधिर पदार्थवैज्ञानिक. १९६४ साली त्यांनी जुनी टेलिप्रिंटर यंत्रे फोनच्या तारेला जोडण्याची युक्ती शोधली. इकडे टाइप केलेला मजकूर तिकडे कागदावर उमटू लागला. पण त्यासाठी दोन्हीकडे तसले यंत्र हवे. डॉक्टरांना किंवा मालकाला फोन करायचा तर ऐकू येणाऱ्या शेजाऱ्याला नाहीतर स्वतःच्या लेकराला विनवावे लागे. आपले दुखणे, पैशांची अडचण, घरातले भांडण हे सगळे त्या मध्यस्थासमोर उघडे पडे.

१९९० साली अमेरिकेने अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा केला. फोन कंपन्यांनी तीन वर्षांत देशभर 'रिले' सेवा सुरू करावी, असे बंधन त्यात होते. कर्णबधिर माणसाने टाइप केलेले ऑपरेटर पलीकडच्याला वाचून दाखवतो आणि त्याचे उत्तर परत टाइप करून पाठवतो. या कायद्यातील अटी लक्षात घेण्याजोग्या आहेत. ऑपरेटरने फोन नाकारू नये, बोलणे आवरते घ्यायला सांगू नये, शब्द बदलू नयेत आणि ऐकलेले कुणालाही सांगू नये. सेवा चोवीस तास हवी आणि तिचा दर साध्या फोनपेक्षा जास्त असू नये. पापनिवेदनाच्या गुप्ततेचे मोल जाणणाऱ्या आपल्याला यातला आदर सहज कळावा. गरजवंताला मदत मिळाली, पण त्यासाठी आपली लाज विकावी लागली नाही.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. कायद्याच्या बडग्याने केलेल्या चांगुलपणाला चांगुलपणा म्हणावे काय? प्रेम मनातून यावे, ते सक्तीने कसे येईल? शंका योग्य आहे. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या दस्तऐवजात बजावले आहे की, आधी न्यायाचे देणे चुकते करावे. जे न्यायाने द्यायचे ते दानधर्म म्हणून पुढे करू नये. मजुराची मजुरी देऊन आपण त्याच्यावर उपकार करत नाही. तसेच, सर्वांसाठी बांधलेल्या वाटेवर एखाद्याला जागा करून देणे हाही उपकार नव्हे. दया आज असेल, उद्या कंटाळेल. हक्क मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसतो. प्रेमाला न्यायाच्या पुढे जायला भरपूर वाव आहे, पण न्यायाला वगळून नाही.

दुसरी शंका खर्चाची. थोड्यांच्या सोयीसाठी सर्वांनी का भरावे? रिले सेवेचा खर्च फोन कंपन्यांच्या वर्गणीतून, म्हणजे शेवटी सर्व ग्राहकांच्या बिलातून निघतो. पण ती सेवा एकट्या कर्णबधिराची नाही. त्याच्याशी बोलू इच्छिणाऱ्या आईची, भावाची, दुकानदाराचीही ती आहे. शिवाय वय वाढले की कान आणि डोळे आपल्यापैकी कुणाचे मंदावतील हे कोण सांगणार?

आपल्या देशातही ही वाट हळूहळू उघडत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती आणि संपर्कसाधने सर्वांना वापरता येण्याजोगी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. तरीही मोबाईलवरून ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असे सांगितले जात राहिले. ॲसिडहल्ल्यात ज्यांच्या पापण्याच जळाल्या त्यांनी ती कशी करावी? जन्मांधाने चेहरा चौकटीत कसा आणावा? हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेतील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि अशा व्यक्तींसाठी पर्यायी पद्धती ठेवण्याचे निर्देश दिले.

न्यायालयाने आपले काम केले. आता आपल्या दाराकडे पाहू. मिस्साच्या वेळा, मयताची खबर, सभेची सूचना आपण कागदावर लिहून त्याचा फोटो मोबाईलवर पाठवतो. अंध व्यक्तीचा मोबाईल अक्षरे वाचून दाखवतो, पण फोटोतले अक्षर त्याला नेहमीच नीट वाचता येत नाही. तोच मजकूर टाइप करून पाठवायला दोन मिनिटे जास्त लागतात. केवळ ध्वनिक्षेपकावरून दिलेली सूचना कर्णबधिर भावापर्यंत पोहोचत नाही. ती फलकावरही लागावी. आजोबांचा फोन 'आम्हीच बोलतो' म्हणून हातातून काढून घेण्याऐवजी त्यांना स्वतः बोलता येईल अशी सोय करून द्यावी. ही फार मोठी कामे नाहीत, पण ती आपलीच आहेत.

कफर्णहूमच्या त्या घरधन्याने कौलांचा हिशेब मागितल्याचे कुठे लिहिलेले नाही. आपणही तो मागू नये. आणि शक्य तर, पुढच्या आजाऱ्याला छपरावर चढवावे लागण्याआधीच आपण दारातून थोडे बाजूला सरावे.