वेग आपला, रस्ता सर्वांचा

हुबळीतील आमच्या एका स्नेह्यांनी घरातील जुनी स्टँडर्ड हेरल्ड मोटार नुकतीच नीट करून घेतली, आणि त्याबरोबर तिच्यात मूळच्यापेक्षा बरेच मोठे इंजिन बसविले. देवळासमोर गाडीची पूजा झाली, चाकांखाली लिंबे ठेविली, आणि धारवाडपर्यंत फेरी मारण्याचे आमंत्रण आम्हांस मिळाले. नवलूरजवळच्या उतारावर सायकलवरील एक मुलगा आडवा आला. ब्रेक दाबताच गाडी मागून घसरली आणि मुलापासून हातभर अंतरावर थांबली. स्नेही हसले, आम्हीही हसलो. त्या हसण्याची टोचणी अजून गेलेली नाही.

मद्रासेत 1961 पासून तयार होऊ लागलेली ही हेरल्ड मूळची इंग्लंडातील ट्रायम्फ कंपनीची. तिच्याच सांगाड्यावरून 1962 साली 1147 घनसेंटिमीटर इंजिनाची स्पिटफायर ही शर्यती थाटाची मोटार निघाली. 1966 साली त्याच घडणीत सहा सिलिंडरांचे, 1998 घनसेंटिमीटरांचे इंजिन घालून 'जी. टी. 6' आली. बळ वाढले, पण मागील चाकांचे झुलते आस तसेच राहिले. वळणावर चालकाने दचकून पाय काढला की मागची बाजू उचले, चाक आत मुडपे आणि गाडी निसटे. टीका झाली, तेव्हा 1968 साली निर्मात्यांनीच मागील रचना पालटली. इंजिन मात्र त्याच आकाराचे ठेविले.

यावरून दिसते की दोष बळात नसतो. बळाबरोबर संयम न वाढविण्यात असतो. वेग दीडपट झाला, तर गाडी थांबविताना जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. इंजिन बदलणाऱ्याने ब्रेक, स्प्रिंगा व टायर यांचा विचार केला नाही, तर त्याने गाडी सुधारली असे म्हणता येईल काय?

कोणी म्हणेल, गाडी त्यांची, पैसा त्यांचा, हौस त्यांची. इतरांनी बोलण्याचे कारण काय? गाडी त्यांची खरी, परंतु रस्ता त्या मुलाचाही आहे. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल वाटेल तसा करू नये, असे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते. परंतु कायदा नसता तरी धर्म होताच. कठोपनिषदात इंद्रियांना घोडे म्हटले आहे, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम. तेथे घोड्यांची निंदा नाही. लगाम सुटण्याचे भय आहे.

महाशिवरात्रीनंतर सिद्धारूढ मठाचा रथ निघतो, तेव्हा दोर ओढणारे असंख्य असतात. कोणत्याही देवाचा रथ वळणावर सांभाळतात ते चाकाखाली लाकडी मोगरी सारणारे. त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही; परंतु गर्दीतील लेकरांचे प्राण त्यांच्याच हाती असतात.

मित्राच्या आनंदात विरजण नको म्हणून आम्ही गप्प राहिलो, आणि त्या मौनाला सौजन्य समजलो. ते सौजन्य नव्हते. मोगरी हातात असूनही ती न घालणे होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आम्ही हे सारे सांगितले. ते रागावले, चहा विचारला नाही. आठवड्याने मात्र त्यांचा निरोप आला, "गाडी ब्रेकसाठी कारखान्यात दिली आहे." पूजा त्या दिवशी पुरी झाली, असे आम्ही मानतो.