तक्त्यांखालचे सत्य

अमेरिकेतील ह्यूस्टन परिसरात घरामागे लाकडी ओटा बांधतात. त्याला तेथे 'डेक' म्हणतात. तेथील चिकणमाती पावसात फुगते, अवर्षणात आकसून भेगाळते. तिच्याबरोबर ओट्याचे खांबही हलतात. दमट हवेत, ओटा भिंतीला जोडणाऱ्या तुळईमागे पाणी मुरते आणि लाकूड आतून कुजते. वरचे तक्ते मात्र धडधाकट दिसतात.

अशा वेळी केवळ तक्ते बदलून रंग देणे हे असत्य ठरते काय? कारागीर म्हणेल, 'सांगितले तेवढे केले.' परंतु उद्या ओट्यावर पाहुणे जमतील, मुले नाचतील. करारावर त्यांची सही नसते. तुळई निखळली तर इजा मात्र त्यांनाच होते.

२००३ च्या अखेरीस तेथे घरगुती वापरासाठी आर्सेनिकयुक्त लाकूड बनविणे थांबले. नव्या लाकडातील तांब्यामुळे साधे खिळे लवकर गंजतात. म्हणून जस्तलेपित खिळे आवश्यक ठरले. ज्ञान वाढते तशी जबाबदारीही वाढते. ज्याला गंज ठाऊक आहे, त्याला 'मला काय त्याचे' असे म्हणता येत नाही.

म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने जे झाकलेले आहे ते उघडून पाहावे, आणि जे आढळेल ते स्पष्ट सांगावे. मालकाजवळ पैसा अपुरा असेल, तर तोवर ओटा बंद ठेवावा. दोष झाकू नये.