न मोजलेले कारण

एखाद्या कर्माचे फळ एकाच व्यक्तीच्या हाती दिसते, तेव्हा त्या फळामागे उभ्या असलेल्या इतरांना कारण म्हणायचे की केवळ सोबत, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात फार जुना आहे. आणि ज्यांचे कारणत्व मान्य केले त्यांना श्रेयात वाटा देणे भाग आहे काय, हा त्याला लागूनच येणारा दुसरा प्रश्न तितकाच अवघड आहे. पहिला प्रश्न ज्ञानाचा, दुसरा न्यायाचा. या दोहोंची गल्लत सहज होते आणि ती उघडी पाडायला कधीकधी वरवर क्षुल्लक वाटणारे क्षेत्रच अधिक उपयोगी पडते. अमेरिकन फुटबॉलच्या आधारे खेळला जाणारा काल्पनिक संघनिवडीचा खेळ, म्हणजे 'फॅन्टसी फुटबॉल', हे असे एक क्षेत्र आहे.

या खेळाची मांडणी १९६२ साली ओकलंड संघाशी संबंधित बिल विंकेनबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. सहभागी होणारा प्रत्येक जण खऱ्या संघांतील खेळाडू पाळीपाळीने निवडून आपला कागदावरचा संघ बांधतो. या निवडीला 'ड्राफ्ट' म्हणतात. पुढे प्रत्यक्ष सामन्यांत त्या खेळाडूंनी जे केले त्यावरून त्याला गुण मिळतात. गुण मिळतात ते मुख्यतः चेंडू हाताळणाऱ्यांच्या कामगिरीचे: फेकणाऱ्याच्या, झेलणाऱ्याच्या, चेंडू काखेत धरून धावणाऱ्याच्या. प्रत्यक्ष मैदानावर मात्र आक्रमण करणाऱ्या अकरा जणांपैकी पाच जण चेंडूला सहसा हातच लावत नाहीत. अपवाद मधल्या 'सेंटर'चा, जो चेंडू मागे देऊन खेळ सुरू करतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन 'गार्ड' आणि कडेला दोन 'टॅकल' अशी ही आक्रमण फळी असते. समोरून चाल करून येणाऱ्यांना अंगावर घेऊन रोखणे आणि धावणाऱ्यासाठी क्षणभर वाट मोकळी करून देणे, एवढेच तिचे काम. प्रचलित गुणपद्धतीत या पाच जणांच्या नावावर काहीही जमा होत नाही.

तरीही जाणता निवडकर्ता धावणारा निवडताना आधी त्याच्या पुढची फळी पाहतो. २०१४ साली डॅलस संघाकडून डिमार्को मरे ३९२ वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्याने १,८४५ यार्ड अंतर कापले. त्याच्या पुढच्या फळीतील टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन हे तिघे संघाने २०११ ते २०१४ या काळात खऱ्या ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत घेतलेले होते. पुढच्या वर्षी मरे फिलाडेल्फियाला गेला आणि १९३ धावांत त्याचे ७०२ यार्डच झाले. दर धावेची सरासरी ४.७ वरून ३.६ वर आली. त्याच वर्षी डॅलसने डॅरेन मॅकफॅडनला पुढे केले. आदल्या वर्षी ओकलंडकडून त्याची सरासरी ३.४ होती, ती डॅलसच्या फळीमागे ४.६ झाली आणि त्याने १,०८९ यार्ड कापले. आणि हे अशा मोसमात, की संघाचा मुख्य चेंडूफेक्या टोनी रोमो दुखापतीमुळे बहुतेक काळ बाहेर होता.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत ही अन्वय-व्यतिरेकाची परीक्षा होय. एक गोष्ट असता दुसरी असणे हा अन्वय, आणि पहिली नसता दुसरीही नसणे हा व्यतिरेक. या दोहोंच्या आधारे कारण ओळखावे, असे नैयायिक मानतात. परंतु केवळ सहवास पुरेसा नाही, हेही त्यांनी बारकाईने दाखवले आहे. सतराव्या शतकातील विश्वनाथ न्यायपंचानन यांच्या 'कारिकावली'त कार्याच्या आधी उपस्थित असूनही कारण नसलेल्या, म्हणजे 'अन्यथासिद्ध' ठरणाऱ्या गोष्टींचे पाच प्रकार सांगितले आहेत. घट घडताना कुंभाराच्या काठीचा रंग तेथे असतोच, पण घट त्या रंगाने घडत नाही; माती वाहून आणणारे गाढवही तेथे असते, पण माती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने आली असती तरी घट झालाच असता. कुंभाराचा पितादेखील या यादीत येतो, कारण तो कुंभाराचे कारण आहे, घटाचे नव्हे. मात्र येथे एक सूक्ष्म सवलत ठेवलेली आहे: पिता म्हणून तो अन्यथासिद्ध असला, तरी स्वतः कुंभार म्हणून तो घटाचे कारण होऊ शकतो.

या सवलतीचे मोल बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला वेगळे सांगायला नको, कारण सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान याच जिल्ह्यात आहे. केवळ शिवाजी महाराजांची जन्मदात्री म्हणून पाहिले, तर नैयायिकाच्या काटेकोर हिशेबात जिजाऊ स्वराज्याचे कारण ठरणार नाहीत. परंतु पुणे जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या आणि १६६६ साली महाराज आग्र्याला गेले असता राज्याची धुरा सांभाळणाऱ्या जिजाऊ त्या कार्यात स्वतः प्रविष्ट आहेत, म्हणून त्या साक्षात कारण आहेत. त्यांचा गौरव बहुधा मातृत्वाच्या अंगानेच केला जातो आणि त्यांचे कर्तृत्व त्यात झाकले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. आक्रमण फळीलाही हीच कसोटी लागू पडते. ती धावणाऱ्याच्या संघात आहे म्हणून कारण नाही; ज्या क्षणी धाव घडते त्याच क्षणी तिचा व्यापार चालू असतो, म्हणून ती कारण आहे. गुणपत्रकाने तिला वगळले ते मोजणीच्या सोयीसाठी. वस्तुस्थितीत ती अन्यथासिद्ध नाही.

अर्थात मरेची घसरण एकट्या फळीच्या खाती टाकणे हाही अतिरेकच होईल. दोन संघांच्या चाली वेगळ्या होत्या, आणि आदल्या वर्षी जवळजवळ चारशे वेळा आदळलेल्या शरीराचा थकवाही असणारच. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील चौदावा श्लोक या गुंतागुंतीला नेमकी जागा करून देतो. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आश्रयाने कर्म घडते ते शरीर, मग कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव, अशी कर्माची पाच कारणे तेथे सांगितली आहेत, आणि असे असता जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी, असा निर्णय दोनच श्लोकांनंतर दिला आहे. यांतले दैव काढून टाकता येत नाही. अशी संघनिवड कौशल्य की जुगार, हा भारतातला वादही त्याच पाचव्या कारणाभोवती फिरला: मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ड्रीम इलेव्हनच्या खेळाला कौशल्याचा खेळ मानले, तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, कौशल्य असो वा नशीब, सरसकट बंद केले.

निवडीपूर्वी आधाराकडे पाहण्याची दृष्टी बुलढाणा जिल्ह्यात एका धार्मिक विधीत रुजलेली आढळते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घटमांडणी होते. ही परंपरा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली असे मानले जाते. गोलाकार घटाच्या कडेने अठरा प्रकारची धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची प्रतीके म्हणून मातीची चार ढेकळे ठेवतात, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि तिच्यावर पापड, कुरडई, भजी, वडा असे पदार्थ रचतात. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. पहाटे दाणे कितपत हलले, ढेकळे किती भिजली, हे पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. या भाकितावर विवेकवादी मंडळींनी आक्षेप घेतले आहेत आणि ते रास्त आहेत, कारण रात्रीत हललेल्या दाण्याचा आणि येणाऱ्या पावसाचा कोणताही अन्वय-व्यतिरेक सिद्ध झालेला नाही. परंतु मांडणीमागची समजूत भाकिताहून वेगळी आणि टिकाऊ आहे: कडेचा दाणा एकटा वाचला जात नाही, मधली ढेकळेही त्याच्यासोबत वाचली जातात. अजिंठ्याच्या रांगेने दुभागलेल्या या जिल्ह्यातला शेतकरी हे रोजच्या व्यवहारातही जाणतो. घाटावर चिखली-मेहकरकडे एखाद्या वाणाचा उतारा चांगला आला, म्हणून तेच वाण घाटाखाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणीच खारट, तसाच उतारा देईल असे तो गृहीत धरत नाही. मरेच्या १,८४५ यार्डांकडे पाहून पुढच्या वर्षी त्याला वरच्या फेरीत घेणाऱ्यांनी दाण्याचा भाव केला आणि जमीन पाहिली नाही.

येथवर प्रश्न ज्ञानाचा होता. परंतु फळीचे महत्त्व ओळखणारा निवडकर्ता ते ओळखतो स्वतःच्या गुणांसाठी. त्याच्या त्या ज्ञानातून त्या पाच जणांच्या पदरात काही पडत नाही. कबड्डीत साखळी करून चार जणांनी चढाईपटूला जखडले, तरी साध्या पकडीचा गुण एकच असतो आणि तो नोंदला जातो बहुधा एकाच्या नावावर. प्रशिक्षकाला साखळीची किंमत पुरती ठाऊक असते, तरी नोंद बदलत नाही. कारण जाणणे आणि कारणाला त्याचे देणे देणे यांत असे अंतर राहते.

या अंतरावर धार्मिक परंपरेचे एक उत्तर निष्काम कर्माचे आहे, आणि ते याच जिल्ह्यात शेगावी पाहायला मिळते. श्री गजानन महाराज संस्थानात सेवेकरी आपल्या पाळीप्रमाणे विनामोबदला येतात, दर्शनबारी सांभाळतात, महाप्रसादाच्या पंगती वाढतात, मंदिराचा परिसर झाडतात. कोणाच्या हातून किती झाले याचा हिशेब तेथे कोणी मागत नाही, कारण सारे महाराजांच्या चरणी वाहिलेले असते. श्रेय अर्पण केले की वाटणीचा प्रश्नच उरत नाही, हे उत्तर थोर आहे आणि ते आचरणाऱ्यांबद्दल आदरच वाटावा. परंतु ते कोणासाठी आहे हे नीट पाहिले पाहिजे. फळावर नजर ठेवू नको, हा उपदेश करणाऱ्याला आहे, वाटणाऱ्याला नाही. ज्याच्या हाती मोजमाप आहे त्याने दुसऱ्याच्या निरपेक्षतेचा आधार घेऊन त्याचा वाटा स्वतःकडे ठेवला, तर त्याला निष्काम कर्माचे नाव देता येत नाही. गीतेची भाषा तेथे केवळ सोयीची ठरते. परंपरेतील पुष्कळशा प्रवचनांनी हा भेद धूसर ठेवला आहे, आणि त्याची किंमत बहुधा त्यांनी मोजली ज्यांना आधीच कमी मिळत होते.

घाटाखालच्या कपाशीच्या शेतात याचे रूप स्पष्ट दिसते. वेचणीची मजुरी किलोवर मोजतात, कारण वेचलेला कापूस काट्यावर चढतो. निंदणाची मजुरी रोजावर मिळते, कारण उपटलेल्या तणाचे वजन उत्पन्नात दिसत नाही, जरी त्याशिवाय बोंडे धरलीच नसती. घरच्याच शेतात निंदणारी स्त्री तर मजुरीच्या हिशेबातही येत नाही आणि पीक विकले जाते ते सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या नावाने. तिच्या कष्टांचे कारणत्व घरात कोणी नाकारत नाही. नाकारली जाते ती फक्त नोंद. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम हाती घेतली, तेव्हा त्यांनी स्त्रियांना त्यागाचे महत्त्व सांगितले नाही आणि त्यांच्या श्रमांचे गुणगान करूनही ते थांबले नाहीत. ज्यांच्या नावावर जमीन होती त्या पुरुषांना त्यांनी आवाहन केले, की जमिनीचा काही भाग घरच्या लक्ष्मीच्या नावाने करून तिचे जुने देणे चुकते करा.