चौका आणि कुत्रं

आपल्या बायकांत कुत्र्याचा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, मुक्या जिवाला आसरा देण्यासारखं पुण्य नाही. दुसरा म्हणतो, पुण्य खरं, पण जैनाच्या घरात कुत्रं शोभत नाही. ते मांस खाणारं जनावर, मग आपला चौका शुद्ध राहायचा कसा? दोन्हीकडच्या बायका भल्या आहेत आणि दोघींच्याही मनात धर्मच आहे. म्हणून हा वाद थट्टेवारी नेण्यासारखा नाही. श्राविकेनं निवाऱ्यातलं कुत्रं घरी आणावं का, आणलं तर तिच्या व्रतांना धक्का लागतो का, हा प्रश्न नीट मांडून बघायला हवा.

आधी शब्द बघू. कुत्रं आपण ‘विकत घेतो’, ‘पाळतो’ किंवा ‘दत्तक घेतो’. हल्ली निवारेवाले तिसराच शब्द वापरतात आणि मला तो बरोबर वाटतो. विकत घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क असतो. दत्तक आलेल्याचा मात्र आपल्या घरावर हक्क असतो. अपरिग्रह मानणाऱ्या माणसाला हा फरक लहान नाही. मिरवायला आणलेलं पन्नास हजारांचं पिल्लू हा परिग्रहच झाला. पण ज्याला कोणी मागत नाही असं तीन पायांचं, पिंगट, चार वर्षांचं गावठी कुत्रं घरी आणण्यात मिरवायचं काय आहे?

आता शास्त्राचा आक्षेप. आमच्या मंडळातल्या एक काकू वाचनानं पक्क्या. त्या म्हणाल्या, “अगं, श्रावकानं कुत्री-मांजरं पोसू नयेत असं लिहिलेलंच आहे की.” लिहिलेलं आहे हे खरं. 12व्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्र’ लिहिलं. त्यात श्रावकानं टाळायच्या 15 धंद्यांची यादी आहे. त्यांतला एक धंदा म्हणजे पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर असे जीव आणि दासी पोसणं. पण त्याच ठिकाणी आचार्यांनी कारणही सांगितलंय: पैशासाठी पोसणं. निषेध आहे तो जिवावर पैसा कमावण्याचा. आजच्या काळात हा निषेध लागू करायचा तर तो कोणाला लागेल? एकाच मादीला वेतामागून वेत लावून पिल्लं विकणाऱ्याला, आणि त्याच्याकडून पिल्लू घेऊन तो धंदा चालू ठेवणाऱ्या आपल्यालाही. निवाऱ्यातून कुत्रं आणणारी बाई त्या यादीत कुठं बसते ते मला तरी दिसत नाही.

उलट तत्त्वार्थसूत्राकडे बघा. दशलक्षणात रोज एक अध्याय वाचला जातो. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो आणि त्यात अहिंसाणुव्रताचे 5 अतिचार सांगितलेले आहेत: बांधणं, मारणं, अवयव कापणं, शक्तीबाहेर ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. आपण ते ऐकतो नि बैलगाडीच्या काळातलं म्हणून सोडून देतो. पण आपल्या गल्लीत फिरून बघा. पार्किंगमध्ये दिवसभर हातभर साखळीला बांधलेला कुत्रा, हा बंध. रुबाबदार दिसावा म्हणून कान-शेपूट कापलेला, हा छेद. घरचे चार दिवस लग्नाला गेले आणि शेजाऱ्यांनी आठवण झाली तेव्हा भाकरी टाकली, हा अन्नपाननिरोध. कुत्रं घरात आणायचं की नाही याचा विचार करण्याआधी आणल्यावर कसं वागवायचं याचा नियम आपल्या सूत्रात तयार आहे. तो पाळता येत नसेल तर मात्र आणू नये, हे मी काकूंइतकंच ठामपणे म्हणेन.

खरा अवघड प्रश्न पुढंच आहे. निवाऱ्यातून दिलेल्या कुत्र्याची बहुधा नसबंदी केलेली असते. पिल्लू असेल तर वयात आल्यावर करून घेण्याची अट असते. आणि हेमचंद्रांच्या त्याच यादीत निर्लांछन कर्म आहे, म्हणजे जनावरांना डाग देणं, नाक टोचणं, खच्ची करणं. इथं पळवाट काढून चालणार नाही. नसबंदीत त्या जिवाच्या देहाला इजा होते आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. मग?

मला जे सुचतं ते असं. बैल खच्ची करायचा तो त्यानं आपली गाडी ओढावी म्हणून. त्यात लाभ आपला नि दुःख त्याचं. कुत्र्याच्या नसबंदीत दुसरी बाजू काय होती ते आठवा. पूर्वी कितीतरी नगरपालिका भटकी कुत्री सरळ मारून टाकायच्या. 2001च्या केंद्रीय नियमांनी ठरवलं की मारायचं नाही. पकडून नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि होती तिथंच सोडायचं. 2023च्या नव्या नियमांतही तोच गाभा आहे. शिवाय दर पावसाळ्यात गटाराच्या कडेला कुडकुडून मरणारी पिल्लं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो. गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची असते. बाकीची टाळता येईल तितकी टाळायची, आणि झाली तर झाली असं मान्य करायचं. नसबंदीला ‘यात हिंसाच नाही’ असं मी म्हणणार नाही. ती हिंसा आहे, पण मारण्याच्या संकल्पाची नाही. भूल देऊन, एकदाच, पुढची अनेक मरणं टाळण्यासाठी केलेली आहे. ती करून घेतानाही मन थोडं दुखावं. ते दुखणं संपलं तर काहीतरी चुकतंय असं समजावं.

आता जेवणाचं. कुत्र्यासाठी घरात मांस आणायचं का? माझ्यापुरतं उत्तर नाही असंच आहे. एका जिवावर दया करायला दुसरा जीव कापून आणणं हा हिशेब मला जमत नाही. पण मग कुत्र्यावर आपलं व्रत लादून त्याला उपाशी मारायचं का? नाही, तोही अतिचारच. इथं शरीरशास्त्र मदतीला येतं. माणसाच्या सोबतीनं हजारो वर्षं राहून कुत्र्याच्या पोटाला पिष्टमय अन्न पचवण्याची सवय लागली आहे. लांडग्यापेक्षा त्याची ती ताकद कितीतरी जास्त आहे. पशुवैद्याच्या सल्ल्यानं नीट बेतलेल्या शाकाहारावर धडधाकट, वाढ झालेला कुत्रा चांगला राहू शकतो. मांजराचं तसं नाही. टॉरिनसारखे काही घटक तिला मांसातूनच मिळवावे लागतात, नाहीतर डोळे नि हृदय बिघडतं. म्हणून कोणी मला विचारलं तर मी सांगते, मांस चालत नसेल त्या घरानं मांजर दत्तक घेऊ नये.

आमच्या घरी गेली चार वर्षं तांबी आहे. बेळगावच्या बाहेरच्या एका निवाऱ्यातून आणलेली, तेव्हाच तीन वर्षांची होती. ज्वारीची भाकरी, भात, मऊ शिजवलेली डाळ, दही, पनीर, भोपळा आणि डॉक्टरांनी दिलेली पूड, असं तिचं जेवण. वर्षातून एकदा रक्त तपासतो. गंमत म्हणजे कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासारखे. आमच्या स्वयंपाकात ते नाहीतच, त्यामुळं ती भीती नाही. द्राक्षं-बेदाणे तेवढे जपून ठेवावे लागतात. पण उद्या तिचा आजार असा निघाला की डॉक्टर म्हणाले, हिला हे अन्न पुरणार नाही, तर? तर ज्या घरी तिची सोय होईल असं घर शोधायचं आणि खर्च आपण द्यायचा, हे आम्ही आणतानाच ठरवलंय. आपलं व्रत आपण पाळायचं. त्याची किंमत तिनं भरायची नाही.

राहिला चौका. सासूबाईंचा आक्षेप हाच होता. त्या म्हणाल्या, “महाराजांचा आहार आपल्याकडं ठरला तर काय करशील गं?” मी म्हटलं, “त्या दिवशी तांबी माडीवर राहील, आई. एरवीही स्वयंपाकघराचा उंबरा तिनं ओलांडायचा नाही.” त्या मानल्या. उंबरा काय असतो ते कुत्र्याला आठ दिवसांत कळतं. तेव्हा शुद्धीचा प्रश्न सोयीचा आहे, सुटणारा आहे. पण त्याच्या तळाशी ‘हा जीवच हलका’ अशी भावना असेल तर जीवंधरकुमाराची कथा आठवावी. ‘क्षत्रचूडामणी’त ती आहे. यज्ञाचं अन्न बाटवलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरेस्तोवर मारलं. जीवंधर त्याच्यापाशी बसला, त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला. ते कुत्रं मरून सुदर्शन यक्ष झालं आणि पुढं त्यानंच जीवंधराचा जीव वाचवला. त्या कुत्र्याचा गुन्हा काय होता बघा: शुद्ध अन्नाला तोंड लावलं. आपल्या पुराणकारांनी शुद्धीची बाजू घेतली नाही, कुत्र्याची घेतली. आपण कुत्र्याला संज्ञी पंचेंद्रिय म्हणतो. म्हणजे मन असलेला, सम्यक्त्वाला पात्र असलेला जीव.

दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं धर्मादाय इस्पितळ आहे. तिथं घारीसारख्या मांसाहारी पक्ष्यांना औषधपाणी करतात, पण मुक्कामाला ठेवत नाहीत. काहींना ही पद्धत खटकते. मला त्यातली अडचण समजते; एकाच छताखाली कबूतर आणि घार कशी ठेवणार? पण कुत्र्याची अडचण तेवढी मोठी नाही. आणि पांजरपोळ म्हटलं की आपल्याला फक्त गाई आठवतात, तेही पूर्ण खरं नाही. 1832 साली मुंबईत इंग्रज सरकारनं भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली, आणि त्यांच्या सोबत जैन आणि हिंदूही होते. त्यानंतर दोन वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईचं पांजरपोळ उभं केलं. म्हणजे त्या पांजरपोळाच्या मुळाशी कुत्रीच होती.

मैत्रिणींनो, यावरून प्रत्येकीनं उद्याच कुत्रं आणावं असं मी म्हणत नाही. कुत्रं 10 ते 15 वर्षं जगतं. लेकीचं लग्न, सुनेचं बाळंतपण, आपले गुडघे, यात्रा, हे सगळं त्या वर्षांत येणार. घरातल्या सगळ्यांची संमती नसेल, दिवसभर घरी कोणी नसेल, तर आणून सहा महिन्यांनी परत नेऊन सोडण्यापेक्षा न आणलेलं बरं. एकदा घर मिळून पुन्हा पिंजऱ्यात गेलेलं कुत्रं खाणं टाकतं. ज्यांना जमत नाही त्यांनी निवाऱ्याला तांदूळ-डाळ द्यावी, जुन्या चादरी द्याव्यात, एखाद्या जखमी जिवाच्या औषधाचा खर्च उचलावा. तीही जीवदयाच.

ज्यांना जमतं त्यांनी मात्र एक करावं. निवाऱ्यात गेल्यावर पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी थांबू नये. पिल्लं कोणीतरी नेतंच. मागं वय झालेली, काळी, लंगडी, एका डोळ्याची बसलेली असतात; माणूस आलं की आधी उठतात, मग आपल्याला नेणार नाहीत हे ओळखून पुन्हा बसतात. त्यांच्याकडं आधी जावं. जिन्नस निवडायला आलेलो नाही, जिवाला घर द्यायला आलोय, एवढं मनाशी धरलं की कुठलं न्यायचं ते ठरवायला फार वेळ लागत नाही.