विण्याचा पहारा, घरचा पहारा

आज निरूपणाला संतवचन घेत नाही. डोळ्यांनी पाहिलेली एक हकीकत घेतो, आणि तिच्या आधाराने चार गोष्टी बोलतो. त्या परमार्थाच्या आहेत की प्रपंचाच्या, हे शेवटी आपणच ठरवा.

मागल्या वर्षी माघात किन्हवलीच्या पंचक्रोशीत एका गावी सप्ताह होता. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात आषाढात आवणीची घाई. गुडघाभर चिखलात घरदार वाकलेले असते, म्हणून कित्येकांची पंढरीची वारी कार्तिकीलाच घडते. पीक घरात आले की मग गावोगावी सप्ताह उभे राहतात. त्या सप्ताहात माझ्याकडे एकादशीचे प्रवचन होते. विषय पुंडलिकाचा घेतला होता. मायबापांची सेवा, देवाला दिलेली वीट, युगानुयुगे उभे राहिलेले ते परब्रह्म! सांगताना माझाही कंठ दाटून आला. श्रोत्यांत पुष्कळांनी डोळे पुसले.

त्याच वेळी मंडपामागे चुलीपाशी एक बाई भगर शिजवीत होती. वय असेल अठ्ठेचाळीसच्या आसपास. गाव तिला काकी म्हणतो. पाच दिवस सगळ्या सप्ताहाचा स्वयंपाक तिच्याच शिरावर होता. फराळाला तिच्या हातची भगर मी दोनदा मागून घेतली, हेही सांगून टाकतो. दुपारी ती विहिरीवर हंडा भरायला गेली आणि पायरीवरच कोसळली. पोरांनी उचलून आरोग्य केंद्रात नेले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 6.4 निघाले. बाईमाणसाचे 12 तरी असावे लागते.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काकी, शेवटचं कधी जेवलात?" ती म्हणाली, "काल सकाळी बहुतेक. देवाचं काम होतं ना, भूक कुठची लागते?" मग बाईंनी आम्हा पुरुषांना बाहेर घालवले आणि आडून आडून विचारले, तेव्हा कळले की सहा महिने तिला पाळीत बेसुमार रक्त जात होते. कोणाला सांगितले नव्हते. सांगणार कोणाला? घरी सासूबाई दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली. तिचे हागणे-मुतणे, कूस बदलणे, भरवणे सगळे हिच्याकडे. नवरा कल्याणला कामाला, आठवड्याने येणारा. आणि थोरला मुलगा सप्ताहात विण्याच्या पहाऱ्याला उभा!

मंडळी, मला त्या रात्री झोप आली नाही. पुंडलिकाची कथा मी मंडपात सांगत होतो आणि पुंडलिक मंडपामागे चुलीजवळ बसला होता.

नीट आठवून पहा. पुंडलिकाने मायबापांचे पाय चेपले ते आपल्या हातांनी. "तू आईकडे बघ, मी देवाकडे जातो" असे बायकोला सांगून तो चंद्रभागेला गेला नाही. उलट देवच दारात आला, तर त्याला म्हणाला, थांब. देव थांबला. आईची कूस बदलायची राहिली असेल तर भजन अर्धा तास थांबते, याला ह्याहून मोठा पुरावा तो कोणता? आपण मात्र पुंडलिकाचे नाव स्वतःकडे ठेवले आणि पुंडलिकाचे काम सुनेकडे दिले.

आणि ती सून कशी जगते? सकाळी सर्वांच्या आधी उठते, रात्री सर्वांच्या मागून जेवते. पातेल्यात राहील ते तिचे. कालवण संपले तर मीठ-भात. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी शेकडा 54 बायकांचे रक्त कमी आढळले. म्हणजे सप्ताहात शंभर बायका बसल्या असतील तर त्यांतल्या निम्म्याहून अधिक. दम लागतो, पायांत गोळे येतात, जिना चढता डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आपण म्हणतो, वय झाले. वय नव्हे हो, उपासमार आहे ती, भरल्या घरातली.

तुकोबारायांची जिजाई भंडाऱ्यावर भाकरी घेऊन जायची. वाटेत तिच्या पायात काटा मोडला, तेव्हा देवाने तो पाय मांडीवर घेऊन काटा काढला, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो. जिजाई देवाला शिव्या देणारी. तरी देवाने तिला आधी उपदेश केला नाही. आधी काटा काढला.

आता एकादशीविषयी बोलतो. हे बोलताना मला भीती वाटते, कारण कोणी म्हणेल महाराज उपवास मोडायला सांगतात. तसे नाही. पण शास्त्रकारांनीच उपवासाला आठ ते ऐंशी अशी वयाची मर्यादा घातली आहे. आजाऱ्याला आणि अशक्ताला एकभुक्त, फलाहार अशी सवलत दिली आहे. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, गुरूची आज्ञा आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असेही मोजून सांगितले आहे. मग साखरेच्या आजाराची गोळी एकादशीला कडकडीत उपाशी पोटी घेऊन म्हातारा घेरी येऊन पडतो, किंवा गोळीच टाकून देतो, हे कोणत्या ग्रंथात लिहिले आहे? इन्सुलिन घेणाऱ्याने उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर नि अंगावर पाजणाऱ्या बाईने निर्जळीच्या वाटेला जाऊ नये. साबुदाणा हा तर निव्वळ पिठूळ पदार्थ. तो पोट भरतो, साखर चढवतो, रक्ताला काही देत नाही. त्यापेक्षा राजगिरा, शेंगदाणे, दूध, केळे पुष्कळ बरे.

रोजच्या ताटाचे म्हणाल तर देवाने आपला मुलूख काही दरिद्री केलेला नाही. पावसाच्या तोंडाला रानात शेवळे निघतात, मागून टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली येतात. पूर्वीच्या बायका ह्या भाज्या हौसेने खुडून आणीत. आता पोरे नाके मुरडतात. नाचणी तर वरकस जमिनीवरून हटतच चालली आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात दहाच्या आसपास. गुडघे दुखणाऱ्या, हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला दोन्ही वेळ नुसता भात घालून कसे चालेल? डाळ, वाल, कुळीथ ताटात हवेत. माळकऱ्याच्या घरी मांस-मच्छी नाही, म्हणून तर ती अधिकच हवीत. वर लिंबू पिळावे, आवळा खावा, त्याने अन्नातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लागत नाही. आणि चहाची तर आपल्याकडे हद्द झाली आहे!

रक्तवाढीच्या गोळ्या आशाताई घरी आणून देतात. त्या फडताळात पडून राहतात. का? तर शौचाला काळे होते, बाई घाबरते. अहो, लोहाने ते काळे व्हायचेच. पोट बिघडले तर ताईला विचारून वेळ बदलावी, पण गोळी टाकू नये.

मिसरीबद्दल माउलींनो रागावू नका. तव्यावर काळा केलेला तंबाखू तो. गळ्यात तुळशीची माळ नि हिरडीवर तंबाखू, हे जमत नाही. तोंडातला चट्टा किंवा फोड दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल तर लगेच दाखवावा.

आणखी एक बोलायचे आहे. ते व्यासपीठावरून कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम छापून देतो. तानसा, वैतरणा, भातसा ह्या धरणांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या किती पाड्यांवर चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन रानोमाळ हिंडतात. भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो. बाळंतपणाला महिना होत नाही तोच तो डोक्यावर येतो. अशा वजनाने पुढे कित्येकींचे अंग बाहेर येते. वर्षानुवर्षे त्या फडके बांधून वावरतात नि अवाक्षर काढत नाहीत. यावर उपचार आहे. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा लाल दिसले, तरी थांबू नये. तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा इशारा असू शकतो, आणि लवकर कळला तर उपाय होतो. सासूने सुनेला, सुनेने सासूला हे विचारावे. देहाची लाज देवाने दिलेली नाही, ती आपण एकमेकांना दिली.

म्हाताऱ्या माणसांचे थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात मोरीतले शेवाळ खरवडा, रात्री उठायच्या वाटेवर दिवा ठेवा, हाताशी काठी द्या. खुब्याचे हाड मोडले की म्हातारे माणूस पुन्हा उभे राहणे कठीण. उठावे लागू नये म्हणून ती माणसे पाणी पीत नाहीत, तेव्हा पाणी आपण होऊन द्यावे. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. आणि सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला 2024 च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज आहे. ते कार्ड काढून द्यायला मुलाचा एक दिवस मोडेल, तो मोडू द्या.

दर दोन तासांनी! हा आकडा डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकला तेव्हा मला विणा आठवला. सात दिवस विणा खाली ठेवायचा नाही. दोन दोन तासांचे पहारे, कागदावर नावे लिहून देवळाच्या खांबाला डकवलेली. रात्री दोनचा पहाराही कोणी चुकवीत नाही. गावाला पहारा लावता येतो, अंगवळणी आहे. मग त्या म्हातारीला पहारा का नव्हता? दोन वर्षे एकटी काकीच उभी, विणा कोणी हातातून घेतलाच नाही.

काल्याच्या कीर्तनाआधी मी तिच्या मुलाला बाजूला घेऊन एवढेच म्हणालो. पोरगा गुणी आहे. मान खाली घालून म्हणाला, "महाराज, आजीला उचलायला मला कोणी सांगितलंच नाही." खरे होते ते. आम्हीच कधी सांगितले नव्हते.

काकीला शहापूरला नेले, शिरेतून लोहाचे औषध दिले, रक्तस्रावाचीही तपासणी होऊन इलाज झाला. यंदा माघात पुन्हा गेलो तेव्हा खांबावर तीन कागद होते. एक विण्याचा, एक स्वयंपाकाचा नि पाणी भरण्याचा. त्या दुसऱ्यात पुरुषांची नावे पाहून बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि भात दोन दिवस खाली लागला हेही खरे. तिसऱ्या कागदावर गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या चार माणसांची घरे होती.

काकी प्रवचनाला पुढे बसली होती. तिचे रक्त आता 11 वर आले आहे. गोळी घ्यायला ती अजून विसरते, पण सासूबाई खाटेवरून हाक मारून आठवण देते.