ओळखीची खूण
(योहान १३ : ३४, ३५)



आपल्या प्रभूनें शिष्यांस नवी आज्ञा दिली, ती कोणत्या वेळीं दिली हें नीट ध्यानांत घ्या. भोजन चाललें होतें. त्यानें कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते, आणि त्यांत यहूदाचेही पाय होते. मग यहूदा घास घेऊन बाहेर पडला. बाहेर रात्र होती. तो गेल्यावर प्रभूनें सांगितलें कीं, त्याच्या प्रीतीच्या मापानें त्यांनीं एकमेकांवर प्रीति करावी, आणि जगानें त्यांस त्याचे शिष्य म्हणून ओळखावें तें याच खुणेनें.

शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा तर मोशेच्या नियमशास्त्रांतही आहे (लेवीय १९ : १८). मग हिच्यांत नवें काय? नवें तें माप. पूर्वीं माप आपण स्वतः होतों. आतां माप तो आहे, ज्यानें विश्वासघात करणाऱ्याचेही पाय धुऊन पुसले.

आणि पेत्रानें काय केलें? आज्ञा ऐकून न ऐकल्यासारखी केली, व प्रभु कोठें जात आहे हेंच विचारिलें! प्रभूसाठीं प्राण देण्यास तो तयार होता. शेजारीं बसलेल्या भावाचा विषय मात्र त्यानें ओलांडला. आम्हां उपदेशकांचें पुष्कळदां असेंच होतें, हें मी लाजून लिहितों.

जग पाहत असतें. इ. स. १९७ च्या सुमारास आफ्रिकेंतील कार्थेज शहरीं तर्तुल्यन नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें लिहिलें कीं, मंडळींतील लोक महिन्यांतून एकदां खुशीनें पैसा टाकीत. त्यांतून गरिबांस अन्न मिळे, त्यांचीं प्रेतें पुरलीं जात, पोरक्या मुलांचा व म्हाताऱ्या चाकरांचा सांभाळ होई. आणि ही परस्परप्रीति पाहून परके लोक उलट नांवें ठेवीत. पुढें इ. स. ३६२ च्या सुमारास, ख्रिस्ती धर्म सोडलेला रोमी बादशहा यूलियन यानें आपल्या एका पुरोहितास लिहिलेल्या पत्रांत खंत केली कीं, हे लोक स्वतःच्याच नव्हे तर आमच्याही गरिबांस पोसतात. शत्रूच्या हातची ही साक्ष!

आमच्याविषयीं गांवकरी कोणती साक्ष देतात? एका खेड्यांत मी गेलों असतां पारावरील एक वृद्ध हिंदु गृहस्थ म्हणाले, “पाद्रीसाहेब, आज थोरल्याकडे जेवणार कीं धाकट्याकडे? एकाकडे जेवलां तर दुसरा रुसेल.” ते दोघे आमच्याच मंडळींतील सख्खे भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तीन वर्षें त्यांचें बोलणें बंद होतें. त्या गृहस्थांस प्रश्नोत्तरावलींतील एकही उत्तर येत नव्हतें, परंतु आमची खूण त्यांनीं बरोबर तपासली होती. आणि मीं? तीन वर्षें मीं त्या दोघांस एकाच भाकरीचा तुकडा दिला होता. मत्तय ५ : २३, २४ यांवर उपदेशही केला होता, आणि तो पुष्कळांस आवडलाही होता.

त्या रविवारीं मीं प्रभुभोजनाचें मेज मांडिलें नाहीं. उपासना झाल्यावर विहिरीवर जाऊन बसलों आणि थोरल्यास म्हटलें, “धाकट्यास बोलाव.” तो पुष्कळ वेळ खालीं पाहत राहिला, मग उठून त्याच्या दारीं गेला. धाकटा आला नाहीं. दुसऱ्या दिवशीं थोरल्यानें आपल्या पाळीचें अर्धें पाणी त्याच्या मिरचीकडे सोडिलें. धाकट्यानें तें अडविलें नाहीं. एवढेंच आतांपर्यंत झालें आहे. येत्या मंगळवारीं पाळी धाकट्याची आहे. त्या दिवशीं मी तेथें जाणार आहें; वाचकांनीं त्या दोघांसाठीं प्रार्थना करावी.