लाल त्रिकोणाच्या पुढे

लैंगिक विषय घरच्या उंबऱ्याआतला, त्यात सरकारने पडू नये, असे खानदेशात अनेक भली माणसे म्हणतात. पण सरकार त्यात कधीचेच पडले आहे. आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण त्यानेच रंगवला, निरोधची पाकिटे त्यानेच वाटली. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकसुद्धा मंजूर केले होते. मुले मोजायला सरकारने शिकवले. समोरच्याच्या शरीराचा मान राखायला शिकवायचे राहून गेले.

त्याची किंमत जळगावने मोजली आहे. १९९४ साली उघड झालेल्या प्रकरणात मुलींना फसवून, त्यांची छायाचित्रे काढून, ती दाखवण्याच्या धाकाने पुन्हा पुन्हा अत्याचार झाले. त्या धाकात एवढी ताकद आली कुठून? आपल्याच लाजेतून. घरी कळले तर दोष आपल्यालाच, हे त्या पोरींना ठाऊक होते आणि त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. तपास सुरू झाल्यावरही फार थोड्या जणी पुढे आल्या.

यातून आपण काय शिकलो? २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षण याच राज्याने संस्कृतीच्या नावाने थांबवले. याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक ज्ञान देणारे मासिक चालवले होते, खटले सोसून. आजही प्रजननाचा धडा आला की ‘घरी वाचा’ म्हणून पान उलटले जाते.

धुळे जिल्ह्यात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी चौघींचे लग्न अठराच्या आत झाले होते. गरिबी आहे, हुंडा आहे. पण ‘पोरगी वयात आली, काही वावगे घडायच्या आत उजवून टाकू’ ही धास्तीही आहे. ज्या विषयावर मुलीशी एक शब्द बोलता येत नाही, त्याच्या भीतीने तिचे शिक्षण तोडायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ची पाटी आहे. तिथवर पोचायचे बळ शाळेने द्यावे. आठवीच्या वर्गात मुलामुलींना एकत्र बसवून संमती म्हणजे काय ते सांगावे, मुलांना तर आवर्जून. आणि पालकसभेत आईबापांनाही बजावावे: पोरगी रडत घरी आली तर ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा पहिला प्रश्न विचारू नका.